आभारातून सूट मिळण्याबाबत

पाणी लागलं. उपासकाळाच्या छत्तिसाव्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या सुमाराला, एकेचाळीस फुटांवर. सगळी मंडळी धावत आली. पाळकांनी भर उन्हात डोळे मिटून इतकी लांब प्रार्थना केली की दोघांना भोवळ आली. पुढे विहिरीच्या काठावर एक शिळा बसली आणि तिच्यावर माझं नाव कोरलेलं आहे.

हे मी सांगितलंच नाही असं धरा. विहीर कोरडी आहे. अठ्ठावीस फूट खोल, तळाला भेगा, भेगांत एक फुटकी बादली आणि एक बेडूक, तोही निघायच्या तयारीत. माझं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत आहे, आणि गावात ते कुणाला आठवत नाही. गाव मला पंक्चर म्हणतं. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे हे त्याचं एक कारण. दुसरं असं, की कुठल्याही गंभीर प्रसंगी मी हजर असलो की पाच मिनिटांत हवा जाते.

माझे बाबा विहिरी खणतात. त्यामुळे दुष्काळ हा आमच्या घराचा सीझन. सगळं प्रार्थनामंदिर पावसासाठी हात वर करायचं तेव्हा बाबा मान खाली घालून बसायचे, आणि मागच्या बाकावरचे लोक कान टवकारून बघायचे, हा माणूस ‘आमेन’ म्हणतो की नाही. बाबा म्हणायचे, पण इतकं हळू, की ते देवाला ऐकू गेलं असेल तर देवाचे कान चांगले आहेत.

आमच्या घरामागे आमची स्वतःची विहीर. मी जन्मलो त्या वर्षी बाबांनी खणलेली, तीस फूट. ती कधी आटली नव्हती. आमचं घर उताराच्या वरच्या अंगाला, आणि खालच्या अंगाला सव्वाहातकाकांचं भाजीचं शेत आणि त्यांची विहीर. मघाशी सांगितलेला बेडूक त्यांचाच.

सव्वाहात हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. आठ वर्षांपूर्वी दोन शेतांमधला हद्दीचा दगड आमच्या बाजूला सव्वा हात सरकला. काकांचं म्हणणं, तो आपोआप सरकला.

“माती वाहते हो पावसाने. दगड काय शपथ घेऊन बसलाय एका जागी?”

“वाहायचा तर उताराकडे वाहील,” आई म्हणाली होती. “चढ चढून आमच्याकडे कसा आला? दम नाही लागला त्याला?”

त्यानंतर आई त्यांच्याशी बोलली नाही, बाबाही नाहीत. प्रार्थनामंदिरात दोन्ही घरांचा बाक एकच, कारण बाक कमी आहेत. गीतांचं पुस्तक दोघांत एक. आठ वर्षं आई ते पुस्तक बाकावर ठेवायची, काका उचलायचे. काका ठेवायचे, आई उचलायची. हातातून हातात एकदाही गेलं नाही. शेजाऱ्यावर प्रेम करा या विषयावरच्या प्रवचनालाही नाही.

आमच्या मंडळीत अशी पद्धत आहे की चाळीस दिवसांच्या उपासकाळाच्या आधीच्या रविवारी प्रत्येकाने उभं राहून आपण काय सोडणार ते मोठ्याने सांगायचं. पोस्टमन दर वर्षी शिव्या सोडतो. शिंपीणबाई साखर सोडतात. बाबा तंबाखू सोडतात आणि एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा धरतात. त्या वर्षी आईने दुपारची झोप सोडली, सव्वाहातकाकांनी चहा सोडला. चहापुरतंही पाणी त्यांच्याकडे उरलं नव्हतं, पण कुणी तसं बोलून दाखवलं नाही.

मात्र त्या वर्षी पाळक आधीच तापलेले होते.

“जे सोडल्याने तुमचं काही अडत नाही, ते सोडलं म्हणून मला सांगू नका,” ते म्हणाले. “घरातली अडगळ काढली म्हणजे त्याग झाला? ज्याच्या मागे जायचं म्हणता, त्याच्या खांद्यावर काय होतं? बाजाराची पिशवी होती?”

मग माझी पाळी आली. गेल्या वर्षी मी आळस सोडला होता, आणि उठायचा कंटाळा आला म्हणून ते बसल्या बसल्याच सांगितलं होतं. लोक महिनाभर हसत होते. या वर्षी मी उभा राहिलो आणि तोंड उघडायच्या आधीच हशा सुरू झाला. शिंपीणबाईंनी तोंडाला रुमाल लावून तयारीच केली. पाळकसुद्धा हसले.

हसत नव्हत्या त्या एकट्या सव्वाहातकाकू. त्यांनी सुजलेली पावलं चपलांतून बाहेर काढून थंड फरशीवर टेकवली होती. दगडाच्या भांडणामुळे आमच्या विहिरीवर न येता रोज दोन कोसांवरून पाणी आणून टाचांना भेगा पडल्या होत्या, आणि भेगांत माती बसली होती.

मला त्यांची दया आली, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आली होती. चमचाभर. बाकी सगळं मला हसणाऱ्यांना गप्प करायचं होतं.

“आमचं घर सव्वाहातकाकांची विहीर खोल करून देईल,” मी म्हणालो. “पाणी लागेपर्यंत. फुकट.”

हशा थांबला. काकांना कुणी तोंडावर सव्वाहात म्हटल्याचा तो पहिलाच प्रसंग, पण त्याकडेही कुणाचं लक्ष गेलं नाही. शिंपीणबाईंचा रुमाल हातातच राहिला. असली शांतता मी जन्मात पहिल्यांदा कमावली होती आणि मला ती फार आवडली.

बाकाच्या टोकाला बाबा बसले होते. त्यांनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं. त्या खिडकीतून आमचा उतार दिसतो: वर आमचं घर, खाली काकांचं शेत. तिकडे त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “आमेन.”

या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

घरी आल्यावर आईने भांडी घासायला घेतली. भांडी स्वच्छ होती.

“आमचं घर म्हणजे कोण रे?”

“म्हणजे आपण.”

“मी आपणमध्ये येते का? मला कुणी विचारलं?”

“आई, त्याग म्हटल्यावर...”

“तुझा त्याग तू कर ना. सायकल दे. दुकान दे. जीभ दे, आधी ती जीभ काढून दे. खणणार कोण आहे? तू? तुला सुई ओवताना घाम येतो.” मग ती बाबांकडे वळली. “आणि तुम्ही? एक आमेन गिळता आला नाही?”

“पोरगा देवासमोर बोलला. मी उठून त्याला खोटं पाडू?”

“पण तुम्हाला माहितीये ना...”

“माहितीये,” बाबा म्हणाले.

आईने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, दोघं बाबांच्या गुडघ्याबद्दल बोलताहेत. बाबा अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि त्यांचा उजवा गुडघा दहा वर्षं आधीच निवृत्त झाला होता.

सोमवारी सकाळी आम्ही पहार, घण, छिन्न्या, घमेली आणि दोराचं मोठं वेटोळं घेऊन खाली गेलो. मी दुकानाला कुलूप लावून दारावर पाटी लावली होती: ‘त्यागासाठी बंद’. पाटी वाचून विहिरीवर येणाऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पहिल्या दिवशी सकाळी दहापर्यंत मला सहा थापा मिळाल्या आणि घमेली एकूण चार निघाली.

काम सरळ होतं. बाबा भिंतीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांवरून पाय टाकत खाली उतरायचे, तळाच्या खडकात छिन्नी धरून घण मारायचे आणि फुटलेला दगड घमेल्यात भरायचे. वर रहाटावर मी आणि सव्वाहातकाका. खालून आवाज यायचा, “ओढ.” आम्ही ओढायचो. “थांब.” थांबायचो. घमेलं रिकामं करून परत खाली. “सोड.” आठ वर्षांनी बाबांचं आणि काकांचं बोलणं सुरू झालं ते असं, तीन शब्दांत. त्यातलाही एकेरी हुकूम माझ्यासाठी असायचा, पण काका तेवढ्यावर समाधानी होते.

तिसऱ्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आला. चौथ्या दिवशी तो फुटला. रविवारी पाळकांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. माझ्यासाठी नव्हे, फोडासाठी. “या तरुणाच्या हातावरच्या जखमा, प्रभू, तुला ठाऊक आहेत.” जखम एकच होती. मी हात झाकला, तर लोकांना वाटलं मी नम्र आहे. बाकाच्या टोकाला बाबा पाय लांब करून बसले होते, कारण गुडघा आता वाकत नव्हता. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याच्यासाठी कुणी काही मागितलं नाही. पोस्टमनने मात्र त्यांना पाय आत घ्यायला सांगितलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला लागतो म्हणून.

दुसऱ्या आठवड्यात मुरूम संपला आणि काळा पाषाण लागला. एका दिवसाला वीतभरसुद्धा उतरणं होईना. काका रोज संध्याकाळी फीत खाली सोडून मापायचे. माप हा त्यांचा जुना छंद.

“काल सात इंच. आज पाच,” ते विहिरीत वाकून म्हणाले. “जरा ढिलं पडलं का काम?”

मी रहाटाचा दांडा धरून उभा होतो. माझ्या तोंडात आलेले शब्द पोस्टमनने त्या चाळीस दिवसांसाठी सोडलेले होते, त्यामुळे ते मोकळेच होते. पण खालून बाबांचा आवाज आला.

“खडक आहे. उद्या बघतो.”

बाबा वर आले तेव्हा डाव्या भुवईतून रक्ताचा ओघळ येत होता. दगडाची कपची उडाली होती. काकूंनी घाईघाईने ओला फडका आणला, आणि मग त्यांनाच कळलं की आपण पिण्याचं पाणी फडक्यावर ओतलं. त्या तशाच उभ्या राहिल्या. बाबांनी फडका घेतला, भुवई पुसली, आणि उरलेलं पाणी पिळून मोगऱ्याच्या वाळक्या झाडात टाकलं. “वाया नाही गेलं,” ते म्हणाले. काकूंनी पदराने डोळे पुसले. मी दुसरीकडे बघितलं. त्या दिवशीपासून मला दुसरीकडे बघायची सवय लागली.

बाराव्या दिवशी माझी कंबर गेली. पाळक मला भेटायला आले, वर चादर घालून गेले. बदली माणूस म्हणून रहाटावर आई उभी राहिली. काय झालं असेल याची मी अंथरुणात पडून कल्पना करत होतो, पण जे काकूंनी नंतर सांगितलं ते माझ्या कल्पनेपेक्षा बरं होतं. एका दांड्याला काका, दुसऱ्याला आई, दोघं एकाच दोरावर जोर लावताहेत आणि एकमेकांकडे बघत नाहीत.

“दमल्या असाल वहिनी,” काका म्हणाले.

“रहाटाला सांगा, मी दमले नाही म्हणून,” आई म्हणाली.

“बरं,” काका म्हणाले, आणि म्हणे त्यांनी खरंच रहाटाला सांगितलं.

कंबर सुटल्यावर मी परत गेलो. एकोणतिसाव्या दिवशी बाबांनी मला पहिल्यांदा खाली बोलावलं. छिन्नी धरायला माणूस हवा होता, कारण त्यांचा डावा हात थरथरायला लागला होता. मी खुंट्यांवरून उतरलो. तळाशी गारवा होता, दगडाच्या भुकटीचा वास होता आणि बाबांचा श्वास होता. वरून तो ऐकू येत नाही. खाली मात्र प्रत्येक घावानंतर शिट्टीसारखा आवाज यायचा, आणि आधी मला वाटलं की हवा कुठल्या तरी भेगेतून येते आहे.

बाबांनी घण खाली ठेवला आणि चढाकडच्या भिंतीला कान लावला. डोळे मिटून बराच वेळ तसेच उभे राहिले.

“काय ऐकू येतंय?” मी विचारलं.

“आपलं घर,” बाबा म्हणाले.

मला वाटलं आई भांडी आपटतेय. “एवढ्या लांबून?” मी म्हणालो. बाबा हसले. खाली अंधार होता, पण मला दिसलं.

आणि आई खरंच भांड्यांच्या मागे लागली होती. विसाव्या दिवसापासून तिने घरातलं एकेक भांडं भरून ठेवायला सुरुवात केली. घागरी झाल्या, पातेली झाली, मग लग्नातली कधी न काढलेली मोठी भांडी झाली, मग फुलदाणी. एक दिवस माझ्या गमबुटांत पाणी.

“आई, आपली विहीर भरलेली आहे. हे काय चाललंय?”

“असू दे. उन्हाळा आहे.”

“चमचे राहिलेत,” मी म्हणालो. “चमच्यांतही मावेल थोडं.”

माझ्या विनोदांपैकी हा एक बरा विनोद होता असं मला त्या वेळी वाटलं. आईने गमबूट सांडू नयेत म्हणून भिंतीला टेकवून ठेवले. तेव्हाच मी हेही पाहिलं होतं की बाबा रोज सकाळी कामाला जायच्या आधी आमच्या विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडतात आणि ओल्या दोरीवर एक गाठ मारतात. रोजची गाठ कालच्या गाठीच्या खाली. विहिरी खणणाऱ्यांच्या सवयी, म्हणून तेव्हाही मी दुसरीकडे बघितलं.

छत्तिसाव्या दिवशी पाणी लागलं. हे मी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे आता सांगतो. चढाकडच्या भिंतीत, बाबांनी कान लावला होता त्याच जागी, घावाबरोबर एक काळी रेघ ओली झाली, मग रेघेतून बोटभर धार आली, मग हाताएवढी. बाबा कमरेपर्यंत भिजून वर आले. घणाचा दांडा तुटला होता, तो त्यांनी आणला नव्हता. काठावर एका दगडावर बसून ते पॅंटचे पाय पिळायला लागले.

काका रहाट सोडून धावत आले आणि त्यांनी हात धरला. माझा.

“पोरा, तू नसतास तर! तू त्या दिवशी उभा राहिला नसतास तर!”

मी बाबांकडे बोट दाखवलं. “खणलं त्यांनी.”

“खणलं त्यांनीच, पण बोललास तू,” काका रडत रडत म्हणाले. “बोलायला छाती लागते.”

पाळकांनीही तेच सांगितलं, जास्त वेळ लावून. एका माणसाने स्वतःला नाकारलं तर किती तहान भागते बघा. लोकांनी माझ्याकडे बघितलं. मी नम्र दिसत असणार. मला लपायला जागा नव्हती, एवढंच.

चार दिवसांनी, उपासकाळाच्या शेवटच्या संध्याकाळी, मी आमच्या विहिरीत बादली सोडली. रोजच्या जागी ती थांबली नाही. दोर संपत आला आणि खालून आवाज आला, रिकाम्या डब्यावर दगड मारावा तसा.

मी घरात गेलो. आई तांदूळ निवडत होती.

“वाजली?” तिने विचारलं. मान वर केली नाही.

“हो.”

“बारा दिवस पुरेल,” ती म्हणाली. “जपून वापरलं तर तेरा. तुझ्या बुटांतलं झाडांना.”

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. खिडकी, पातेलं, कान, गाठी. सायकलची सुटलेली साखळी बसताना आवाज येतो तसं. मी बाबांसमोर जाऊन उभा राहिलो. ते खाटेवर बसून गुडघ्याला कडू तेल चोळत होते.

“झरा एकच आहे,” मी म्हणालो.

“एकच आहे.”

“आपण वर तीस फुटांवर. ते खाली एकेचाळीसला. तुम्ही आपलंच पाणी फोडून त्यांना दिलंत.”

“पाणी आपलं नव्हतं. आपल्याकडून जात होतं.”

“कधीपासून माहीत होतं?”

“तू बोललास तेव्हापासून.”

“मग मला अडवायचं ना! तिथेच उठून सांगायचं! घरी सांगायचं! पाच दिवसांनी सांगायचं!”

“त्या बाईचे पाय बघितलेस ना तू?” बाबा म्हणाले. “म्हणूनच बोललास ना?”

मी काय सांगणार होतो? चमचाभर? मी फोडाच्या जागेकडे बघत राहिलो. फोडही बरा झाला होता. त्याची खूणसुद्धा राहिली नव्हती.

“मी जाऊन सांगतो त्यांना,” मी म्हणालो. “पाळकांना सांगतो. भर मंडळीत सांगतो.”

“नाही सांगायचं.”

“का नाही?”

“सांगितलंस की तो माणूस त्या विहिरीचं पाणी पिताना रोज आपल्या घराकडे बघेल. मग ते पाणी त्याचं राहील का?” बाबांनी तेलाची बाटली बंद केली. “दगड सव्वा हात सरकवला म्हणून आठ वर्षं तो मान वर करू शकला नाही. आता परत नको.”

आई दारात उभी होती. तांदळाचं ताट तिच्या हातात होतं.

“माझी झोपही गेली, विहीरही गेली,” ती म्हणाली. “पण ते सांगायचं नाही हे बरोबर आहे.” मग माझ्याकडे बघून, “आणि चमचे नाही भरले मी. तेवढं राहिलंच.”

तेरा दिवस पुरलं. चौदाव्या दिवशी सकाळी साडेसहाला आई आणि मी रिकाम्या घागरी घेऊन उतार उतरलो. रांगेत सात जणी उभ्या होत्या. काका दोर धरून उभे होते आणि त्यांनी लांबूनच हात केला.

“या, या वहिनी! लाजू नका. आपलीच विहीर समजा.”

आठ वर्षं. आईने घागर खाली ठेवली, पदर नीट केला आणि म्हणाली, “आभारी आहे.” काकांना, थेट, रहाटामार्फत नव्हे. मग ती रांगेत आठवी उभी राहिली.

मी तिच्या मागे नववा उभा राहायला गेलो, तर रांगेतल्या बायकांनी वाट करून दिली.

“अरे पंक्चर, तू कसला रांगेत? पुढे हो.”

“नको, मी थांबतो.”

“बघा, किती नम्र!”

काकांनी माझी घागर हिसकावून घेतली, स्वतः भरली, स्वतः माझ्या खांद्यावर ठेवली. “तू ओढायचं नाहीस. तू ही विहीर दिलीस.” आई मागून बघत होती. तिचा चेहरा वाचता येत नव्हता, आणि मी वाचायचा प्रयत्नही केला नाही.

“पण एक कळत नाही,” काका म्हणाले. “तुमची कशी आटली हो? वरच्या अंगाला असून?”

“उन्हाळा कडक आहे,” आई म्हणाली.

तेव्हापासून दोन खेपा माझ्या, दोन आईच्या. बाबा येऊ शकत नाहीत. तालुक्याच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला आणि सांगितलं की आता तो वाकणार नाही, त्याची आशा सोडा. बाबा म्हणाले, सोडली. उपासकाळ संपल्यावरही ते काही ना काही सोडतच राहिले. तंबाखू मात्र धरली. एकेचाळिसाव्या दिवशी, सकाळी सहाला, वेळेवर.

मी बाबांना एकदा विनवलं. “मला पाण्याला जायला लावू नका. मी लांबून आणतो, दोन कोसांवरून, पण तिथून नको.”

“का?”

“आभार मानतात हो. रोज.”

“मी खणलं,” बाबा म्हणाले. “तुझ्या आईने रांग धरली. तुझ्या वाट्याला ते आलंय. तेवढं उचल.”

मग शिळा. मंडळीने ठराव केला की विहिरीच्या काठावर आठवण म्हणून एक दगड बसवावा आणि त्यावर माझं नाव कोरावं. उपसमिती नेमली. शिळेचं काम येणारा गावात एकच माणूस, म्हणून अध्यक्षही तोच. बाबा अंगणात पाय लांब करून बसले, मांडीवर दगड घेतला आणि थरथरत्या हाताने छिन्नी धरली. माझं बाप्तिस्म्याचं नाव त्यांनी एका दुपारी कोरलं. मग पाळकांचा निरोप आला की हे नाव कुणाला कळणार नाही, खाली कंसात दुसरंही घाला.

“‘पंक्चर’ला जागा पुरत नाही,” बाबा म्हणाले. जीभ दातांत धरून ते वाकले होते, कपाळाचा घाम दगडावर पडत होता. “जरा लहान काढू का?”

“लहान काढा,” मी म्हणालो. “जितकं लहान येईल तितकं.”

त्यांनी ठसठशीत काढलं. लांबून वाचता येतं. शिळा बसवली त्या दिवशी काकांनी ती स्वतः धुतली, पाण्याने, भरपूर.

हे सगळं मी तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही या गावात राहत नाही. गावात मी फक्त पुढील अर्ज करू शकतो, आणि तो केलेला आहे.

मा. अध्यक्ष,
स्मरणशिळा उपसमिती, यांस

विषय: आभारातून सूट मिळणे व शिळा उलटी बसवण्याबाबत.

महोदय,

सदर अर्जदार रोज सकाळी साडेसहा वाजता विहिरीवर हजर असतो. तेथे त्याचे दररोज सरासरी अकरा वेळा आभार मानले जातात व त्यास रांगेत उभे राहू दिले जात नाही. अर्जदाराची आई मात्र रांगेत उभी असते. सबब अर्जदारास आभारातून कायमची सूट मिळावी व रांगेत त्याच्या आईच्या मागे जागा मिळावी.

तसेच सदर शिळा काढून, अक्षरांची बाजू खाली करून, पाणी ओढताना अर्जदाराच्या आईचा पाय जिथे टेकतो तिथे पायरी म्हणून बसवण्यात यावी.

कारण नमूद करता येत नाही. कारण आपणांस माहीत आहे व ते कुणास सांगू नये असा आपलाच आदेश आहे. याच मजकुराचे यापूर्वीचे दोन अर्ज आपण चूल पेटवण्यासाठी वापरलेत, याची अर्जदारास कल्पना आहे.

शिळा बसवण्याचे काम गावात आपल्याखेरीज कुणास येत नाही. तरी आपला गुडघा बरा झाल्यावर सवडीने करावे, ही नम्र विनंती. घाई नाही.

आपला आज्ञाधारक,
(नाव शिळेवर आहे.)